नऊ व्होल्टचा चमत्कार

हॉलचं फाटक आठला उघडायचं, पण रांग सहापासूनच लागलेली असायची. काठी टेकत आलेले, कमरेला पट्टा बांधलेले, पिशवीत रिपोर्टांची भेंडोळी घेऊन आलेले, आणि यातलं काहीच नसलेले पण शेजारी आले म्हणून आलेले. रांग एका लांबलचक पत्र्याच्या शेडमधून वळणं घेत जायची. त्या पत्र्याखाली तासभर उभा राहिलेला माणूस वाफवून निघायचा. वरून सेवक मंडळी फिरत राहायची आणि गरम पाण्याचे पेले हातात द्यायची. आतली घाण बाहेर पडू द्या, म्हणायची. घाण पडायची की नाही कोण जाणे, घाम मात्र धो धो पडायचा.

शेडच्या टोकाला एका घमेल्यात पाणी. त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायचे, पुसायचे नाहीत, आणि तसेच हॉलमध्ये शिरायचे. आत उंच चौथऱ्यावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत काटेबाबा बसलेले. त्यांच्यासमोर टेबलावर सागवानी पेटी. पेटीला काचेची खिडकी, खिडकीत एक बारीक काटा, काट्यामागे अर्धी पट्टी हिरवी आणि अर्धी तांबडी. पेटीतून निघालेल्या दोन तारांना चिमट्याने जोडलेल्या दोन पितळी नळ्या. नळ्या मुठीत घट्ट आवळल्या की काटा हलायचा. त्याला कोणी हात लावत नव्हतं, कोणी दोरी ओढत नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो सरसर तांबड्यात जायचा आणि हॉलभर एक लांब सुस्कारा उमटायचा.

मग बाबांचं निदान सुरू व्हायचं. तुमच्या नाभीतली ऋण लहर आणि ब्रह्मांडातली धन लहर यांचं बिनसलंय. शरीरात कोट्यवधी पेशी, एकेका पेशीत एकेक सूर्य, आणि तुमचे सूर्य झाकोळलेत. कुणाचे यकृतातले सूर्य झाकोळलेले, कुणाचे गुडघ्यातले. यंत्रातून पाचशे वॉटची दिव्य शक्ती देहात सोडली की सूर्य पुन्हा उगवणार. हे सगळं ते इतक्या मऊ आवाजात सांगायचे, की ऐकणाऱ्याला आपल्या गुडघ्यात खरंच उजाडल्यासारखं वाटायचं. शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: "माणूस खोटं बोलेल, काटा खोटं बोलत नाही."

शक्ती घेतलेल्या रुग्णाला शेजारच्या खोलीत अर्धा तास पडायला सांगत. खोली गारेगार, डोक्यावर पंखा, कुठेतरी मंद बासरी. सेवक हलक्या हाताने तळवे टिपायचे, त्यांवर पांढरी भुकटी चोळायचे. मग पुन्हा पेटीसमोर. आता नळ्या फुलासारख्या हलक्या धरा. काटा हिरव्यातच राहायचा, जेमतेम थरथरायचा. माणूस रडायचा, हात जोडायचा, आणि बाहेर जाऊन दहा जणांना सांगायचा.

त्या दहा जणांपैकी एक माझी ताई होती.

मी मोटारी गुंडाळतो. म्हणजे पंपाची, गिरणीची, पंख्याची मोटार जळली की तिच्यातली काळी पडलेली तार काढून नवी भरतो. बाजारामागच्या गल्लीत माझा गाळा आहे. भिंतीवर तारेची रिळं, कोपऱ्यात व्हार्निशचा डबा, टेबलावर दोन मीटर, आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा शोधावी लागते. विजेचं मला जे काही कळतं ते हातांतून कळतं. पुस्तकातून कळलं असतं तर शाळेत शास्त्राच्या पेपरात काठावर पास झालो नसतो, तेही वर्गावर माझी सख्खी बहीण शिकवत असताना.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने मला वाढवलं आणि तेवढ्यात तिचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते दोघांनाही कळलं नाही. तीस वर्षं तिने शास्त्र शिकवलं. या गावातल्या अर्ध्या लोकांनी तिच्याकडून ओहमचा नियम घोकलाय आणि उरलेल्या अर्ध्यांनी तिच्या छड्या खाल्ल्यात. मी दोन्ही केलं. आता ती निवृत्त होऊन दोन खोल्यांत एकटी राहते, आणि सात वर्षांपासून पोटात स्वतःच्या हाताने इन्शुलिन टोचून घेते.

अशा बाईने मला सांगितलं, की ती काटेबाबांकडे जाऊन आली, तिचा काटा हिरवा झाला आणि तिने इंजेक्शन बंद केलं.

मी आधी हसलो. ती थट्टा करत नाही हे लक्षात आल्यावर ओरडलो. ओरडून काही झालं नाही, कारण ताईवर ओरडण्याची सवय मला नव्हती आणि ऐकून घेण्याची तिला नव्हती. ती शांतपणे म्हणाली, की यंत्र आहे, मोजमाप आहे, तिने डोळ्यांनी पाहिलंय. मंत्रतंत्र असता तर ती फिरकली नसती. पुढच्या रविवारी बाबांनी तिला सगळ्यांसमोर दोन शब्द बोलायला बोलावलंय, हेही तिने जरा लाजत सांगितलं. फाटकावरच्या फलकावर तसं लिहिलेलंही होतं: शास्त्राच्या शिक्षिका स्वतः सांगतील.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो.

पत्र्याखाली मीही शिजलो. गरम पाणी मात्र मी बाजूच्या कुंडीला पाजलं. घमेल्यापाशी पोचलो तेव्हा सवयीने आधी एक बोट बुडवून पाहिलं, आणि ते असं झोंबलं की मी हात मागे घेतला. माझी बोटं तांब्याच्या तारेने कायम चिरलेली असतात. झोंबलं म्हणजे पाण्यात मीठ होतं, आणि चांगलं मूठभर होतं. सेवकाचं लक्ष नव्हतं. मी बोट विजारीला पुसलं आणि पुढे झालो.

पितळी नळ्या मुठीत घेतल्या. काटा ढिम्म. जरासा हलल्यासारखा झाला आणि हिरव्यात बसून राहिला.

बाबा क्षणभर गोंधळले, मग त्यांनी डोळे मिटले आणि जाहीर केलं, की असा निर्मळ देह त्यांनी बारा वर्षांत पाहिला नाही. याच्या आतले सगळे सूर्य माध्यान्हीला आहेत. लोकांनी मला हात लावून घेतला. एका बाईने लेकराला माझ्या पायाशी आणलं. उजव्या मूत्रपिंडात वाटाण्याएवढा खडा घेऊन मी त्या गर्दीतून वाट काढत बाहेर आलो. गेल्याच महिन्यात त्या खड्याने मला गाळ्यातल्या जमिनीवर लोळवलं होतं.

गाळ्यात आलो, शटर अर्धं ओढलं आणि मीटरच्या दोन टोकांना तांब्याच्या नळीचे दोन तुकडे जोडले. वर्षानुवर्षं व्हार्निश आणि तार यांनी माझे तळवे चामड्यासारखे झालेत. ते किती वीज अडवतात ते पाहिलं, तर आकडा आला साडेचार लाख ओहम. मग घरी जाऊन बायकोला भांडी घासता घासता उठवलं. तिच्या ओल्या हातांत नळ्या दिल्यावर आकडा बारा हजारांवर आला. बायकोने विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, तू फार आजारी आहेस. तिने नळी माझ्या अंगावर फेकली आणि भांड्यांकडे वळली.

पण मला कोडं सुटलं होतं. मी तसाच ताईकडे गेलो.

ती ऐकून घेईल असं मला वाटलं होतं, आणि इथेच माझं चुकलं. तिने मीटरकडे पाहिलंदेखील नाही. ती म्हणाली, की कुठलाही मीटर कुणाच्याही हातात हवं ते दाखवतो. मी म्हटलं, मग बाबांचा का नाही दाखवत? ती उठून उभी राहिली. विजेचं शास्त्र आता काठावर पास झालेल्याकडून शिकायचं का, असं तिने विचारलं. मी दार आपटून निघालो. आमच्या साऱ्या आयुष्यातलं ते पहिलं आपटलेलं दार.

चार दिवसांनी तिच्या शेजारणीचा फोन आला. ताई सकाळपासून उलट्या करत होती, पाणी पाणी करत होती आणि आता नीट उत्तरं देत नव्हती. मी आणि बायको रिक्षात घालून तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचून रक्त तपासलं, तर साखर चारशे साठ. त्यांनी सलाईन लावलं, इन्शुलिन सुरू केलं, आणि मग मला बाहेर बोलावून विचारलं, की इंजेक्शन कधीपासून बंद आहे. नऊ दिवस, मी म्हटलं. आणखी दोन दिवस गेले असते तर आपण हे बोललो नसतो, एवढंच म्हणून त्या आत गेल्या. मी बाकावर बसलो. माझ्या चामडी तळव्यांनाही घाम फुटला होता, आणि त्या वेळी पितळी नळ्या धरल्या असत्या तर माझाही काटा तांबड्यात गेला असता.

तिसऱ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली. चेहरा उतरलेला, पण नजर ताळ्यावर आलेली. मला वाटलं आता ती मान्य करेल. तिने नाही केलं. तिने हलक्या आवाजात सांगितलं, की पथ्यात तिचंच काही चुकलं असणार, काटा तर हिरवा होता.

मी गाळ्यात गेलो आणि पिशवी भरून परत आलो: दोन्ही मीटर, चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी, तांब्याच्या दोन नळ्या, वायरचे तुकडे. सगळं तिच्या चादरीवर मांडलं. समजावायला गेलो नाही. फक्त म्हटलं, "ताई, मला गणित येत नाही. आकडे मी वाचतो, उदाहरण तू सोडव."

तिने त्या सामानावरून नजर फिरवली. मग तिचा हात आपोआप उशाशी गेला आणि तिने पेन उचललं. तीस वर्षांची सवय. समोर न सुटलेलं उदाहरण दिसत असताना ही बाई गप्प बसणं शक्य नव्हतं.

पेल्यातल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून मी तिचे हात ओले केले. एक मीटर बॅटरीवर लावला, दुसरा तारेच्या मध्ये घातला. तिने नळ्या आवळल्या. मी वाचलं: विभवांतर नऊ व्होल्ट, धारा शून्य पूर्णांक सहा मिलिअँपिअर. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि औषधांच्या चिठ्ठीच्या मागे लिहू लागली. रोध म्हणजे विभवांतर भागिले धारा. नऊ भागिले शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य सहा. पंधरा हजार ओहम.

मग तिने हात पुसायला लावले. मी टॉवेलने पुसले, नर्सबाईंकडून पावडर मागून चोळली, पंख्याखाली दहा मिनिटं थांबलो. आता हलकं धर, म्हटलं. धारा उतरून शून्य पूर्णांक शून्य पाच मिलिअँपिअरवर आली. तिने पुन्हा भागाकार केला. एक लाख ऐंशी हजार ओहम.

"तोच माणूस," ती म्हणाली. "तीच बॅटरी."

तिने मला हे सगळं तीनदा करायला लावलं. एकदा वाचलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ती वर्गात सांगायची. तिसऱ्या खेपेचा आकडाही जवळपास तोच आला तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

मग ती बोलली ते मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, "तीस वर्षं हे उदाहरण मी फळ्यावर सोडवलं रे धाकट्या. शाळेत एकच अँमीटर होता, तोही कपाटात. फुटेल म्हणून मी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःही लावला नाही. काट्यामागे काय असतं ते मला माहीत होतं, पण मला ते ओळखू आलं नाही."

मी म्हटलं, जाऊ दे.

"जाऊ कसं देऊ? मी फक्त काट्याला भुलले नाही. रोज एकटीने स्वतःला टोचून घेण्याचा कंटाळा आला होता. त्या गार खोलीत एक पोरगी माझे तळवे पुसत होती आणि विचारत होती, आजी, रात्री झोप लागते का. तू येतोस, साखर किती विचारतोस आणि जातोस."

ते खरं होतं. साखरेच्या आकड्यापलीकडे मी तिला महिनोन्‌महिने काही विचारलं नव्हतं. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसलो आणि झोप लागते का ते विचारलं. ती म्हणाली नाही लागत, आणि मग का लागत नाही ते संध्याकाळपर्यंत सांगत बसली.

रविवारी तिला घरी सोडणार होते. डॉक्टरीणबाई विश्रांती घ्या म्हणाल्या. ताईने त्यांना विचारलं, की दोन तास उभं राहिलं तर चालेल का. मग का ते सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या की उभं नका राहू, खुर्ची मागून घ्या, मीही येते.

काटेबाबांच्या हॉलमध्ये त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. ताईच्या दवाखान्यातल्या मुक्कामाची बातमी तिथे पोचली नव्हती, किंवा पोचली असली तरी बाबांनी ती फलकावर लावली नव्हती. त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. विज्ञान आज अध्यात्माला नमस्कार करायला आलंय, असं ते ध्वनिक्षेपकावर म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मागे पिशवी घेऊन उभा होतो, आणि निर्मळ देहाचा माणूस म्हणून मलाही चौथऱ्यावर जागा मिळाली होती.

ताईने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि वर्ग सुरू केला. दुसरा शब्द मला सुचत नाही. आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. बाबांची परवानगी असेल तर यंत्राची ताकद सगळ्यांना दाखवते, म्हणाली. एवढ्या लोकांसमोर बाबा नाही कसं म्हणणार? तिने पिशवीतून एक काकडी काढली, मी दारातून उचलून आणलेल्या घमेल्यातल्या पाण्यात बुचकळली आणि दोन्ही बाजूंनी पितळी नळ्यांची टोकं तिच्यात खुपसली.

काटा तांबड्याच्या पार टोकाला जाऊन आपटला.

मग मागून कुणीतरी विचारलं, की काकडीच्या कुठल्या अवयवात बिघाड आहे. हॉलभर हशा फुटला. बाबा हसल्यासारखं करत म्हणाले, की वनस्पतीलाही जीव असतो, तिलाही वेदना असतात. ताई म्हणाली, असतील. मग तिने खुर्चीवरचा उशीचा अभ्रा त्याच पाण्यात भिजवून नळ्यांवर गुंडाळला. काटा पुन्हा तांबड्यात. अभ्र्याच्या वेदनांबद्दल बाबा काही बोलले नाहीत.

आमचे शिंपीकाका पुढच्याच रांगेत होते. दुपारी शक्ती घ्यायला आलेले, हात नुकतेच घमेल्यातून निघालेले. ताईने त्यांना वर बोलावलं. मी एका नळीचा चिमटा सोडवून मध्ये माझा मीटर घातला, दुसरा मीटर पेटीतून येणाऱ्या दोन तारांवर लावला आणि वाचून दाखवलं: नऊ व्होल्ट, शून्य पूर्णांक सहा मिलिअँपिअर. ताईने भिंतीवरच्या फलकावर, ज्यावर तिचंच कौतुक लिहिलं होतं त्याच्या खाली, खडूने भागाकार मांडला. पंधरा हजार ओहम. मग काकांचे हात पुसले, पावडर लावली, पुठ्ठ्याने वारा घातला. पुन्हा वाचलं, पुन्हा भागाकार. दीड लाखाच्या वर. एवढं सगळं चालू असताना शक्ती सोडायची कळ बाबांच्या हाताखालीच होती आणि ती कुणी दाबली नव्हती. काटा मात्र हिरव्यात जाऊन बसला होता.

"काटा खोटं बोलत नाही, हे बाबा म्हणतात ते बरोबर आहे," ताई म्हणाली. "काटा फक्त एवढंच सांगतो, की हात किती ओले आहेत. यकृताबद्दल त्याला काही माहीत नाही. या पट्टीवर एक तरी आकडा दिसतोय का? एकक दिसतंय का? नुसते रंग आहेत. ज्याला मोजायचं असतं तो आकडे लिहितो."

एका सेवकाने लगबगीने भिंतीतली पेटीची पिन उपटली. पेटीवरचे शोभेचे दिवे विझले. ताईने तोच ओला अभ्रा पुन्हा नळ्यांवर गुंडाळला, आणि काटा तरीही तांबड्यात गेला. आता मला कुणाची परवानगी नको होती. मी मागचे चार स्क्रू काढले आणि फळी बाजूला करून पेटी सगळ्यांना दाखवली. आत ट्रान्झिस्टर रेडिओत घालतात तसली एक चौकोनी बॅटरी, एक साधा मीटर, आणि बाकी सगळी हवा. शक्तीच्या कळीची तार दोन वितींवर जाऊन संपली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती.

"शक्ती हा शब्द आमच्या पुस्तकातही आहे," ताईने फलकाकडे वळून सांगितलं. "व्होल्ट गुणिले अँपिअर, उत्तर वॉटमध्ये. नऊ गुणिले शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य सहा. एका वॉटचे हजार भाग केले तर त्यातले साडेपाचही भरत नाहीत. खिशातल्या टॉर्चचा बल्ब तीन व्होल्टवर शून्य पूर्णांक तीन अँपिअर घेतो, म्हणजे जवळपास एक वॉट. तुम्हाला पाचशे वॉट म्हणून जे मिळालं, त्याच्या दीडशेपट त्या बल्बात असतं." तिने खडू खाली ठेवला. "या दीड दिडकीच्या जोरावर मी नऊ दिवस इन्शुलिन बंद ठेवलं. चार दिवस दवाखान्यात होते. आज सकाळी सुटले."

डॉक्टरीणबाई पुढे आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: काटा हिरवा झाला म्हणून औषध बंद केलेले कोण कोण आहेत? आधी कुणी हलेना. मग एक हात वर गेला, मग तीन, मग अकरा. रक्तदाबाच्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या, एका तरुण बाईने तर क्षयाचं औषध अर्ध्यात सोडलेलं. बाईंनी त्यांना तिथल्या तिथे बाजूला बसवलं आणि एकेकाला तपासायला घेतलं. या गडबडीत काटेबाबा कधी उठले आणि मागच्या दाराने कधी गेले हे कुणी पाहिलं नाही. पेटी मात्र राहिली. ती आणि सगळ्यांचे जबाब घेऊन डॉक्टरीणबाई त्याच दिवशी चौकीत गेल्या. बाबा तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका गावात सापडले, नव्या पेटीच्या मागे बसलेले. खटला चालू आहे.

सगळ्यांना पटलं असं मात्र समजू नका. शिंपीकाका दोन दिवसांनी ताईकडे आले आणि त्यांनी जरा रागानेच विचारलं, "बाई, त्या खोलीतून उठलो की माझा गुडघा खरंच हलका वाटायचा. ते पण खोटं होतं का?"

मी तोंड उघडणार होतो. ताईने मला हाताने थांबवलं.

"ते खरं होतं," ती म्हणाली. "दिवसभर मशीनवर पाय मारणारा माणूस अर्धा तास गार जागी आडवा झाला आणि कुणी मायेने विचारपूस केली, तर बरं वाटणारच. मलाही वाटलं होतं. त्यासाठी पेटी लागत नाही काका. रोज चारला इथे या, पडा अर्धा तास, मी चहा करते. पण रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही."

काका येतात. क्षयाचं औषध सोडलेली ती बाईही येते. ताई तिच्या समोर बसून इंजेक्शन घेते, आणि ती ताईसमोर गोळ्या गिळते. कधी कधी मीही गाळा बंद करून जातो.

तुमच्या गावातही उद्या कुणी पेटी घेऊन येईल. तिच्यात काटा असेल, किंवा दिवा, किंवा पडद्यावर नाचणाऱ्या रेघा. यंत्र आहे म्हणून हात जोडू नका आणि यंत्र आहे म्हणून पळूही नका. जवळ जा आणि विचारा: हे नेमकं काय मोजतं, कशात मोजतं, आणि हात पुसून पुन्हा मोजलं तर तेच उत्तर येतं का? ज्याचं काम खरं आहे तो तुम्हाला खुर्ची देऊन समजावून सांगेल. जो चिडेल, डोळे मिटेल किंवा तुमच्या श्रद्धेला दोष देईल, त्याच्यासमोरून सरळ उठून या. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाचा एकही डोस बंद करू नका.